गोल हुकला, दोष कुणाचा?

यवतमाळ, विशेष प्रतिनिधी

मडगावच्या फातोर्डा मैदानावर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सामना संपल्याची शिट्टी वाजली आणि भारतीय फुटबॉलच्या एका स्वप्नावर पडदा पडला. सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७ मध्ये सौदी अरेबियात होणाऱ्या आशियाई चषकाचा दरवाजा भारतासाठी बंद झाला. १४व्या मिनिटाला लालियानझुआला छांगटेने गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली होती. पण मध्यंतराच्या तोंडावर, ४४व्या मिनिटाला, सोंग उई-यंगने सिंगापूरला बरोबरी साधून दिली आणि ५८व्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला. त्यानंतर अर्ध्या तासाहून अधिक वेळ हाताशी असूनही भारताला एक गोल करता आला नाही.

पराभवानंतर आपल्याकडे नेहमी होते तेच याही वेळी झाले. कुणी आघाडीच्या खेळाडूंना नावे ठेवली, कुणी प्रशिक्षकाला, कुणी महासंघाला, तर कुणी इंडियन सुपर लीगमधील परदेशी खेळाडूंना. चहाच्या टपरीपासून महाविद्यालयाच्या जिमखान्यापर्यंत हा वाद रंगला. 'गोल का होत नाहीत?' हा या वादाचा मूळ प्रश्न मात्र 'दोष कुणाचा?' या गदारोळात हरवून गेला. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि पहिल्याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याचे देता येत नाही.

आजार किती जुना?

आकडे पाहिले तर मडगावचा पराभव हा अपघात नव्हता, हे लगेच ध्यानात येते. जानेवारी २०२४ मध्ये कतारमध्ये झालेल्या आशियाई चषकात भारत ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३ आणि सीरियाकडून ०-१ असा हरला. तीन सामन्यांत एकही गोल नाही आणि एकही गुण नाही. त्या संपूर्ण वर्षात भारतीय संघ ११ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. त्यांपैकी एकही जिंकला नाही. पाच बरोबरीत सुटले, सहा गमावले. या ११ सामन्यांत भारताचे गोल होते अवघे चार.

या चार गोलांची फोड अधिक बोलकी आहे. अफगाणिस्तानविरुद्ध गुवाहाटीत सुनील छेत्रीने केलेला गोल पेनल्टीवर होता. मलेशियाविरुद्ध हैदराबादेत गोल केला तो राहुल भेके या बचावपटूने. म्हणजे चालत्या खेळात आघाडीच्या खेळाडूंनी केलेले गोल उरले दोन : दोह्यात कतारविरुद्ध छांगटेचा आणि व्हिएतनामविरुद्ध फारुख चौधरीचा.

२०२५ मध्ये चित्र किंचित पालटले, पण आजार गेला नाही. मार्चमध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध ३-० असा विजय मिळाला. त्याआधीचा विजय नोव्हेंबर २०२३ मधला, कुवेतविरुद्धचा. मधले ४८९ दिवस विजयाविना गेले होते. मात्र त्यानंतर आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत बांगलादेशविरुद्ध गोलशून्य बरोबरी, हाँगकाँगविरुद्ध ०-१, सिंगापूरविरुद्ध १-१ व १-२ आणि नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशविरुद्ध ०-१ असे निकाल लागले. या पाच सामन्यांत गोल दोन, गुणही दोन. जानेवारी २०२४ ते नोव्हेंबर २०२५ या काळातील एकूण २२ सामन्यांपैकी १३ सामन्यांत भारताला खातेच उघडता आले नाही. जागतिक क्रमवारीत जुलै २०२३ मध्ये ९९व्या स्थानी असलेला भारत नोव्हेंबर २०२५ मध्ये १४२व्या स्थानावर घसरला.

पहिला आरोपी : आघाडीपटू

प्रेक्षकांच्या नजरेत पहिला दोषी नेहमी आघाडीचा खेळाडू असतो. १० जून २०२५ रोजी हाँगकाँगमध्ये पूर्वार्धात आशिक कुरुनियनला समोर गोल दिसत असताना चेंडू जाळ्यात धाडता आला नाही. सामना संपता संपता हाँगकाँगला पेनल्टी मिळाली आणि भारत हरला. ती एक संधी साधली असती तर पात्रता फेरीचे चित्र वेगळे दिसले असते, असे म्हणणारे चुकीचे नाहीत.

पण आक्रमण अपयशी ठरण्याचे दोन प्रकार असतात. संधी मिळतात आणि त्या वाया जातात, हा एक. संधीच निर्माण होत नाहीत, हा दुसरा. पहिल्या प्रकारात दोष बराचसा आघाडीपटूचा, त्याच्या पायाचा आणि मनाचा. दुसऱ्या प्रकारात त्याला दोष देणे म्हणजे ताट वाढले नाही म्हणून जेवणाऱ्याला रागावणे. भारताच्या बाबतीत दोन्ही आजार आहेत, परंतु दुसरा अधिक जुना आहे. सबंध सामन्यात एखाद-दुसरीच संधी मिळत असेल, तर ती हुकल्याचे दुःख डोंगराएवढे होते. जो संघ दहा संधी निर्माण करतो, त्याला एक हुकलेली संधी आठवतही नाही.

या प्रश्नावर छेत्री नावाचा पडदा अनेक वर्षे पडला होता. जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्धच्या गोलशून्य बरोबरीनंतर त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला, तेव्हा त्याच्या नावावर १५१ सामन्यांत ९४ गोल होते. नऊ महिन्यांनी, वयाच्या चाळिशीत, त्याला परत बोलवावे लागले आणि मालदीवविरुद्ध त्याने ९५वा गोल केला. एका खेळाडूच्या पुनरागमनाचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण चाळिशीतल्या खेळाडूला पर्याय नसणे ही व्यवस्थेवरची टीका आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा निवृत्त झाला आणि ती जागा पुन्हा रिकामी झाली.

दुसरा आरोपी : मधली फळी

फुटबॉलमध्ये गोल करणारा दिसतो, गोल घडवणारा दिसत नाही. चेंडू बचावफळीकडून मधल्या फळीकडे, तिथून बगलेला किंवा दोन बचावपटूंच्या मधल्या फटीत आणि शेवटी गोलसमोर पोहोचतो. ही साखळी जिथे तुटते, तिथे आक्रमण संपते. भारताची साखळी बहुधा तिसऱ्या कडीपाशी तुटते. चेंडू मैदानाच्या मध्यापर्यंत सुखरूप येतो. मात्र प्रतिस्पर्धी अंगावर धावून आले की, पुढे जाण्याऐवजी तो मागे गोलरक्षकाकडे फिरतो किंवा उंच फटक्याने पुढे भिरकावला जातो. अशा चेंडूवर उंच, धिप्पाड बचावपटूंशी एकटा आघाडीपटू झुंजणार किती?

म्हणूनच भारताचे अनेक गोल कॉर्नर, फ्री किक यांसारख्या थांबलेल्या चेंडूवर अवलंबून असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये ताजिकिस्तानला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवताना गोल केले ते अन्वर अली आणि संदेश झिंगन या दोन बचावपटूंनी. वर उल्लेखिलेल्या २२ सामन्यांतील एकूण १२ गोलांपैकी चार बचावपटूंचे आहेत. बचावपटूंनी गोल करणे यात गैर काही नाही. गोल करण्यासाठी त्यांचीच वाट पाहावी लागणे, हे गैर आहे.

तिसरा आरोपी : प्रशिक्षक

संघ हरला की प्रशिक्षक जातो, हा जगभरचा रिवाज आहे. भारतात तो जरा जास्तच इमानाने पाळला गेला. २०१९ पासून संघाची धुरा सांभाळणारे क्रोएशियाचे इगोर स्टिमॅक यांना १७ जून २०२४ रोजी पदमुक्त करण्यात आले. त्यांच्या जागी आलेले स्पेनचे मानोलो मार्केझ हाँगकाँगच्या पराभवानंतर जुलै २०२५ मध्ये परस्परसंमतीने बाहेर पडले. १ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील यांची नियुक्ती झाली. तब्बल १३ वर्षांनी या पदावर भारतीय प्रशिक्षक आला. म्हणजे साडेतेरा महिन्यांत या खुर्चीवर तीन माणसे बसली.

प्रशिक्षकांच्या चुका नव्हत्या, असे नाही. स्टिमॅक यांच्या काळात संघ मोठ्या प्रतिस्पर्ध्यासमोर मागे सरून खेळला आणि चेंडू मिळाल्यावर काय करायचे, याची योजना दिसली नाही, ही टीका रास्त होती. मार्केझ यांनी सुरुवातीला राष्ट्रीय संघ आणि एफसी गोवा या दोन्हींची जबाबदारी एकाच वेळी वाहिली. तिच्या शहाणपणाबद्दल तेव्हाच शंका घेतली गेली होती. जमील यांच्या संघाने मडगावात आघाडी घेतल्यानंतर ती टिकवताही आली नाही आणि वाढवताही आली नाही.

तरीही एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. मार्केझ यांचाच एफसी गोवा संघ २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये साखळी फेरीअखेर दुसऱ्या स्थानी होता आणि मे २०२५ मध्ये सुपर कपच्या अंतिम सामन्यात त्याने जमशेदपूरला ३-० असे लोळवले. त्या जमशेदपूरचे प्रशिक्षक होते खालिद जमील! एकच प्रशिक्षक, तेच डोके. क्लबकडून गोलांचा पाऊस आणि देशाकडून दुष्काळ. फरक होता तो हाताशी असलेल्या खेळाडूंत आणि त्यांच्यासोबत मिळालेल्या दिवसांत.

प्रशिक्षकाचा एक निर्णय आक्रमण कसे बदलू शकतो, याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला टाके पडलेल्या जर्नैलसिंग या बचावपटूला प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी आघाडीला खेळवले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पी. के. बॅनर्जी यांच्यासह जर्नैलसिंग यांनीही गोल केला आणि भारताने २-१ असा विजय मिळवून सुवर्णपदक पटकावले. मात्र रहीम हे १९५० च्या दशकापासून त्या संघाची बांधणी करीत होते, हेही विसरता येत नाही. तो जुगार अनेक वर्षांच्या ओळखीवर खेळला गेला होता.

चौथा आरोपी : क्लब आणि लीग

इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. झगमगाट आला, मैदाने सुधारली, खेळाडूंच्या हाती बरा पैसा आला. परंतु विजयासाठी उतावीळ असलेल्या क्लबांनी सर्वांत महत्त्वाची जागा, म्हणजे मधल्या आघाडीपटूची, परदेशी खेळाडूंकडे सोपवली. भारतीय आघाडीपटू बगलेला सरकले किंवा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसले. पहिल्या हंगामापासून २०२४-२५ पर्यंतच्या ११ हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. २०२४-२५ मध्ये तो मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजाराईला २३ गोलांसह मिळाला. भारतीयांमध्ये सर्वाधिक १४ गोल होते पुन्हा छेत्रीचे.

क्लबांचीही बाजू आहे. ते लाखो-कोटी खर्च करतात, त्यांना सामने जिंकायचे असतात. देशासाठी आघाडीपटू घडवणे हे त्यांचे पहिले काम नाही. सरावाशिवाय नवखा खेळाडू गोल करणार नाही आणि गोल केल्याशिवाय त्याला संधी मिळणार नाही, या कोंडीत दोष एकट्या क्लबचा म्हणता येत नाही. परदेशी खेळाडूंची मैदानावरील संख्या २०२१-२२ पासून चारवर आणली गेली. पण चारही जागा मधल्या कण्यात, म्हणजे बचावाचा मध्य, मधली फळी आणि आघाडी इथेच वापरल्या गेल्या, तर भारतीय खेळाडूच्या वाट्याला कडाच येतात.

खेळाडू सोडण्यावरूनही क्लब आणि राष्ट्रीय संघ यांच्यात ओढाताण झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेसाठी संघ आयत्या वेळी जमवावा लागला. तिथे पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मैदानात उतरलेल्या भारताला चीनने ५-१ असे हरवले. दीर्घ शिबिरासाठी स्टिमॅक यांनी वारंवार मागणी केली होती. आक्रमण हा फुटबॉलमधील सर्वांत अवघड, सर्वांत जास्त सरावाचा भाग. बचाव शिस्तीवर उभा राहतो. आक्रमणाला खेळाडूंमधली मूक समज लागते. ती चार-पाच दिवसांच्या सरावात येत नाही.

पाचवा आरोपी : महासंघ

स्टिमॅक यांनी पद गेल्यावर पत्रकार परिषद घेऊन अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्याचे अध्यक्ष कल्याण चौबे यांच्यावर सडकून टीका केली. पद गेलेल्या माणसाच्या रागाची वजावट करूनही काही प्रश्न उरतात. २०२५ मध्ये लीगच्या व्यावसायिक हक्कांचा करार संपत असताना पुढची व्यवस्था वेळेत झाली नाही. जुलैत हंगाम स्थगित झाला, महासंघाची घटना सर्वोच्च न्यायालयात होती, खेळाडूंना आपले भवितव्य कळत नव्हते. अखेर १४ फेब्रुवारी २०२६ रोजी १४ संघांची आणि अवघ्या ९१ सामन्यांची आखूड लीग सुरू झाली. मडगावचा सामना झाला त्या ऑक्टोबरमध्ये भारताचे खेळाडू नियमित लीग सामन्यांविना होते. आघाडीपटूची धार सामन्यांतच लागते. सराव शिबिरात ती फार तर टिकवता येते.

दरम्यान शेजाऱ्यांनी वेगळा मार्ग धरला. बांगलादेशने इंग्लंडमध्ये जन्मलेल्या हमझा चौधरीला मार्च २०२५ मध्ये भारताविरुद्धच पदार्पण दिले. मडगावात भारताला बुडवणारा सोंग उई-यंग हा मूळचा दक्षिण कोरियाचा, पुढे सिंगापूरचा नागरिक झालेला. भारतात दुहेरी नागरिकत्व नसल्याने हा मार्ग अरुंद आहे. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या आणि आईकडून मुंबईशी नाते असलेल्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतले. पण असे किती जण येतील? तो उपाय तात्पुरती मलमपट्टी ठरेल.

मुळाशी काय?

ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावरही त्याचे सामने झाले. त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव आघाडीला होता. भारताने तिन्ही सामने गमावले आणि एकच गोल केला, तोही कॉर्नरवर जिक्सन सिंग या मध्यरक्षकाच्या डोक्यातून. म्हणजे जो आजार वरिष्ठ संघात दिसतो, तो १७ वर्षांखालील मुलांतही होता. रोग वर नाही, बुंध्यात आहे.

एके काळी मुंबई-गोव्याच्या मातीने आघाडीपटू दिले होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवताना तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मूळचा गोव्याचा, मुंबईत खेळणारा. भारत त्या स्पर्धेत चौथा आला होता. अशी मुले गल्लीत, मैदानात, जिल्ह्याच्या आणि कंपन्यांच्या स्पर्धांत वर्षभर खेळून तयार होत.

आता यवतमाळसारख्या जिल्ह्याकडे पाहावे. इथली महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. महाविद्यालयाचा फुटबॉल संघ बहुतेक ठिकाणी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची तारीख लागली की उभा राहतो. काही दिवसांचा सराव, उसने बूट, पावसात चिकट आणि उन्हात भेगाळणारी काळी माती आणि बाद पद्धतीची स्पर्धा. पहिला सामना हरला की त्या वर्षाचा फुटबॉल संपला. अशा संघाचा आघाडीपटू गोलसमोर गडबडला तर सहकारी त्याला बोल लावतात, प्राध्यापक नाराज होतात. परंतु वर्षाकाठी दोन-तीन सामने खेळणाऱ्या मुलाने ती संधी शांत डोक्याने साधावी, ही अपेक्षाच अवाजवी आहे. राष्ट्रीय संघाचे दुखणे मोठ्या पडद्यावर दिसते, एवढाच काय तो फरक. थोडे सामने, अपुरा सराव, आयत्या वेळी जमवलेला संघ आणि अपयशानंतर एका माणसाचा शोध, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच आहे.

यवतमाळपासून दीडशे किलोमीटरवर नागपुरात प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांना चेंडू देऊन जे सुरू केले, त्यातून विदर्भात फुटबॉलची भूक नाही हा समज खोटा ठरला. नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' या २०२२ च्या चित्रपटाने ती कथा घरोघरी पोहोचवली. डिसेंबर २०२५ मध्ये लिओनेल मेस्सीच्या मुंबई भेटीच्या वेळी राज्य शासनाच्या 'महादेवा' प्रकल्पाचा गाजावाजा झाला. त्यातून १३ वर्षांखालील मुला-मुलींना प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्ती देण्याची योजना आहे. योजना स्वागतार्ह आहे. मात्र निवडक साठ मुलांच्या मागे, वर्षभर साखळी सामने खेळणारी साठ हजार मुले नसतील, तर झाडाला फक्त शेंडा असेल.

निवाडा

दोष वाटायचाच तर तो असा वाटावा लागेल. हुकलेल्या त्या एका संधीचा दोष आघाडीपटूचा. आघाडी घेऊनही मागे सरण्याचा दोष प्रशिक्षकाचा. संधी न घडण्याचा दोष मधल्या फळीचा, आणि त्याहून अधिक तिला एकत्र सराव न मिळू देणाऱ्या ओढाताणीचा. भारतीय आघाडीपटूंना बाकावर बसवण्याचा दोष क्लबांचा. पण हंगाम वेळेवर सुरू न होणे, सामन्यांची संख्या घटणे आणि जिल्हा पातळीवर लीगच नसणे, याचा दोष ज्यांच्या हाती खेळाचा कारभार आहे त्यांचाच. या यादीत जो जितका वर बसला आहे, तो पराभवाच्या रात्री प्रेक्षकांना तितका कमी दिसतो.

चुकीचा दोषी शोधण्याची किंमत मोठी असते. प्रत्येक पराभवानंतर प्रशिक्षक बदलला, म्हणजे प्रत्येक वेळी घडी नव्याने बसवावी लागते आणि गोलांचा प्रश्न पुढच्या माणसाच्या गळ्यात पडतो. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत नेमके हेच झाले. आशियाई चषकाची पुढची संधी आता २०३१ मध्ये. त्या संघात जे आघाडीपटू असतील, ते आज पंधरा-सोळा वर्षांचे आहेत आणि कुठल्या तरी शाळेच्या वा महाविद्यालयाच्या मैदानावर खेळत आहेत. यंदा त्यांच्या वाट्याला किती सामने येतात, यावर तेव्हाचे गोल ठरणार आहेत.